आगाऊ भाऊबीज

ऐन मार्गशीर्षात मी डोक्यावर रुमाल घालून पाटावर बसलो होतो. समोर भिंत होती आणि भिंतीवर कॅमेरा. पाटाभोवतीची रांगोळी माझी मीच काढली होती, ती जिलबीसारखी दिसत होती. कुंकू लावताना आरसा बघायचा राहिला, त्यामुळे टिळा डाव्या भुवईकडे सरकला होता. त्या अवतारात मी भिंतीकडे बघून हसलो, थोडा वेळ मान खाली घालून बसलो, समोरच्या रिकाम्या तबकात पाकीट ठेवलं आणि म्हणालो, "केतू, सुखी राहा."

ही भाऊबीज माझ्या बहिणीला दिवाळीत पोचायची होती.

धावलवाडीच्या गोदीत ज्यांचं कुणी आत होतं, त्या सगळ्यांचे सण असेच आगाऊ चालायचे. वसाहतीतल्या रेवाळ्यांच्या दुकानात राख्या, तिळगूळ, आकाशकंदील असं सगळं बारा महिने टांगलेलं असायचं. पणत्या मागितल्या की रेवाळे हात आखडून विचारायचे, "आजचा सण की फुडचा, पांचाळभाऊ?" आजच्या सणाला गिऱ्हाईक कमीच असायचं. पुढचा करून दमलेल्या माणसाला आजचा करायचा हुरूप उरत नाही.

हे काय प्रकरण होतं ते नीट सांगतो.

धावलवाडीचा सडा म्हणजे समुद्राच्या डोक्यावरचा उघडाबोडका जांभ्याचा माळ. त्याच्या पोटात काळा कातळ आहे, खोलवर अखंड. म्हणून यानाची गोदी इथे खोदली. खाली समुद्र असल्यामुळे मोठे तुकडे तराफ्यावरून आणता येत. यानाचं नाव 'अगस्ती'. माणसं घेऊन दुसऱ्या ताऱ्याकडे जाणारं हे पहिलंच यान. दक्षिणेला गेलेला अगस्ती ऋषी परत आला नाही हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, पण नाव ठेवणारे मोठे लोक, त्यांना कोण सांगणार. इंजिनाचा सांगाडा वर अंतराळात यंत्रं जोडत होती. आमच्याकडे होता तो माणसांनी राहायचा भाग. गोल, पोटाळ, वर झाकण. आम्ही त्याला मडकं म्हणायचो.

अगस्तीचं इंजिन सलग जळत नाही. जड हायड्रोजनच्या गोठवलेल्या गोळ्या एकेक करून यानाच्या शेपटामागे सोडायच्या आणि प्रत्येकीवर चहूकडून लेसरचा मारा करायचा. गोळी क्षणभर छोट्या सूर्यासारखी फुटते आणि यानाला एक धक्का देते. असे धक्क्यांमागून धक्के, वर्षानुवर्षं. ते झेलायला मध्ये मोठाल्या स्प्रिंगा आहेत, तरी थोडी थरथर आत पोचतेच. तिनं कुठला स्क्रू ढिला होईल, कुठलं रोप मान टाकेल, माणसाला झोप लागेल की नाही, हे कागदावर कळत नाही. म्हणून मडकं आठ लोखंडी पायांवर उभं केलं आणि ते पाय हलवायला मला नेमलं. आत माणसं असल्यामुळे हे काम यंत्रावर सोडायचं नाही, माणसानं बघून कळ दाबायची, असा नियम होता. सकाळी दहाला एक हादरा आणि संध्याकाळी एक.

आत बारा माणसं होती. त्यांची हवा, पाणी, माती, गांडुळं, पोटातले जंतू, या सगळ्यांचं एकमेकांशी जमायला दोन वर्षं गेली होती. बाहेरच्या एका शिंकेनं ते बिघडलं असतं. म्हणून ठरलं की चाचणी संपली तरी मडकं उघडायचं नाही. तसंच उचलायचं, तराफ्यावर चढवायचं आणि समुद्रातल्या तळावरून वर पाठवायचं. फक्त एकदा, तिसऱ्या वर्षीच्या त्रिपुरी पौर्णिमेला, बाहेर पडायचं, आतली हवा राखणारं दुहेरी दार उघडणार होतं. ज्याला यायचं त्यानं बाहेर यावं. आत राहील तो गेला.

आणि शेवटची चाचणी होती अंतराची. यान जसजसं लांब जाईल तसा निरोप पोचायला उशीर होत जाईल. आधी दिवस, मग महिने, मग वर्षं. या उशिरानं माणसं मनानं मोडतात की टिकतात, हे जमिनीवर कळायला हवं होतं. तेव्हा तो उशीर इथेच बनवला. आतला निरोप बाहेर आणि बाहेरचा आत जाताना विलंबकक्ष नावाच्या एका खोलीत थांबवून ठेवायचे. पहिल्या महिन्यात तासभर. तिसऱ्या वर्षी वर्षभराच्या आसपास. कुठल्या निरोपाला किती उशीर, ते दोन्हीकडे आधी कळवलेलं असायचं.

माझी बहीण केतकी आतली शेती बघायची. आई-वडील गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो होतो. मी लग्न केलं नाही. तिनं केलं आणि मोडलं. मी रोज सकाळी मडक्याच्या भिंतीला टेकून पायांना तेल घालत असे. भिंत हातभर जाड. अलीकडे मी, पलीकडे ती, आणि माझं 'बरी आहेस ना' तिच्यापर्यंत जायला अकरा महिने. हळूहळू आम्ही प्रश्न विचारणं सोडून दिलं. तिला ताप आलाय हे मला कळायचं तेव्हा तो उतरून जमाना झालेला असायचा. मग मी काळजी कुठे ठेवायची, तेच समजत नसे.

त्या सगळ्या गोदीत एकाच माणसाला सारं वेळेवर कळायचं, ते म्हणजे विलंबकक्षातल्या सानिया मुकादम मॅडम. कुणी चोरून आजची बातमी आत पोचवू नये म्हणून प्रत्येक निरोप आल्याबरोबर त्या ऐकत आणि मग कुलूपबंद करत. कॅन्टीनमध्ये लोक त्यांच्याजवळ बसायला कचरत. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं तर काय करायचं, ही भीती. मी बसायचो. मला जेवताना बोलायची सवय नाही, आणि त्यांना बोलायची सोय नव्हती.

तिसऱ्या वर्षाची भाऊबीज आली. केतकीनं आपल्या बाजूनं ती अकरा महिने आधीच करून ठेवली होती. मी आंघोळ करून पाटावर बसलो आणि निरोपाचा पडदा सुरू केला. ती समोर आली. केस बरेच पांढरे झाले होते. आत ज्योत पेटवायला बंदी, म्हणून तबकात निरांजनाऐवजी बॅटरीचा चिमुकला दिवा. मागे वाफ्यात अळू माजलेला.

"टिळा वाकडाच असणार तुझा," ती म्हणाली, "म्हणून मीही डावीकडेच लावते." तिनं हवेत बोट टेकवलं, अक्षता टाकल्या आणि मला ओवाळलं. मग तबक मांडीवर घेऊन बसली.

"पौर्णिमेला दार उघडेल, दादा. मी जायचं म्हणून आले होते आणि आजही विचारलं तर जाईन म्हणेन. पण हल्ली संध्याकाळ झाली की कुणाशी बोलावंसंच वाटत नाही. अळूशी बोलते. तू थांब म्हणालास तर मी बाहेर येईन. तोंड वाकडं न करता येईन. पण तू म्हणशील ते इथे पोचेपर्यंत दार बंद झालेलं असेल. तेव्हा विचारत नाही." तिनं तबकातला दिवा सरळ केला. "ओवाळणी मात्र हवी. आज सकाळचा हादरा नको. भाऊबीजेला तरी बहिणीला स्वस्थ बसू दे."

ऐकणाऱ्याला वाटेल, बहीण लाडात आली. मला लख्ख कळलं. हादरा थांबला तर ती बाहेर येणार. आला तर जाणार.

मी उठून तडक कॅन्टीनला गेलो. मुकादम मॅडम कोपऱ्यात चहा घेत होत्या. माझ्या कपाळावरचं कुंकू बघून त्यांनी कप खाली ठेवला.

"हे तुम्ही अकरा महिन्यांपूर्वी ऐकलं होतंत," मी म्हणालो.

"मी सगळंच ऐकते, पांचाळभाऊ."

"मग कापलं का नाही?"

"बहिणीनं भाऊबीजेला ओवाळणी मागितली. त्यात कापण्यासारखं काय होतं?"

त्यांना पुरतं ठाऊक होतं काय होतं ते. अकरा महिने त्या माझ्यासमोर बसून रोज जेवल्या होत्या.

"त्यानंतर काय म्हणाली ती?" मी विचारलं. "मन बदललं असेल एखाद्या वेळेस."

"तुम्हाला कळलंय तेवढ्यावरच ठरवा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तिलाही तेवढंच मिळतं."

दहाला मी कळीसमोर बसलो. मडक्याच्या पायांतल्या तेलाचा दाब पडला, म्हणून हादरा दिला नाही, एवढं सांगितलं असतं तर पुरलं असतं. कुणी विचारायलाही आलं नसतं. मी हात मांडीवर ठेवला.

मला ती हवी होती. यात आडपडदा कसला? माझं वय झालं होतं. संध्याकाळी ओट्यावर कुणीतरी बसलेलं असावं, बांगडा जास्त तळलास म्हणून भांडावं, एवढंच मला हवं होतं. ते मिळवायला काही करायचंही नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. मी बसून राहिलो. घड्याळ दहाच्या पुढे गेलेलं मला दिसत होतं. पण जिथे साध्या खुशालीला अकरा महिने लागतात तिथे पाच-दहा मिनिटांचा हिशेब कोण ठेवतो?

आणि मग निरोपाचा शेवट आठवला. बोलून झाल्यावर केतकी कॅमेरा बंद करायला विसरली होती. ती वाफ्याकडे वळली, अळूचं एक पान उलटून तिनं बोटानं पुसलं आणि पुसता पुसता गुणगुणायला लागली. सूर चुकलेला. आमच्या घरात मी तिला कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. माझ्याबरोबर ओट्यावर बसून ती गुणगुणली असती असं मला वाटेना. बांगड्यावरून भांडली असती, आणि मग वर बघत बसली असती.

मी कळ दाबली.

पाय कुरकुरले आणि मडकं थरथरायला लागलं. मी उठून भिंतीवर तळहात टेकवला आणि हादरा संपेपर्यंत तसाच उभा राहिलो. नंतर मला रडू आलं. तिथे कुणी नव्हतं, त्यामुळे आवरायची गरज पडली नाही.

संध्याकाळी मुकादम मॅडम माझ्या दारात आल्या. हातात डबा होता. "सांदणं केली होती, जास्त झाली," म्हणाल्या. कधी घरी न येणारी बाई आली म्हटल्यावर मी खुर्ची पुढे केली, तर त्या ओट्यावरच बसल्या. डोळे लाल दिसत होते. मला वाटलं, मी कळ दाबली हे ऐकून माझी कीव आली असेल. दोनदा त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग दिवेलागणी झाली तशा उठल्या. डबा माझ्याकडेच राहिला.

पौर्णिमेला दार उघडलं. दोघं बाहेर आले, एक डॉक्टर आणि एक पाण्याची यंत्रं बघणारे गृहस्थ. उन्हात त्यांचे डोळे उघडत नव्हते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्या घरच्यांनी त्यांना कवटाळलं. मी दाराकडे बघत होतो. बराच वेळ ते नुसतंच उघडं होतं. मग बंद झालं आणि वरचा लाल दिवा लागला. शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमचं कुणी यायचं होतं का?" मी म्हटलं, "नाही."

मडकं तराफ्यावर चढलं, समुद्रात गेलं आणि एका सकाळी वर गेलं. आम्ही सड्यावरून ते पाहिलं. त्यानंतर गोदीत आठ पाय तेवढे उरले, वर काही नसलेले. दुसरं मडकं यायला अवकाश होता, तोवर मी त्यांना तेल घालत बसलो. घातलं नाही तर गंजतात.

विलंबकक्षही चालूच राहिला. यान खरोखर लांब जाईपर्यंत उरलेला उशीर त्या खोलीनं भरून काढायचा होता, नाहीतर आतल्या माणसांची सवय मोडली असती. आता निरोपाला पुरतं वर्ष लागत होतं. त्यामुळे सण आगाऊ करायची भानगड मिटली. यंदाच्या दिवाळीचा निरोप पुढच्या दिवाळीला. रेवाळ्यांनी आकाशकंदील उतरवून ठेवले.

ते वर्ष मला फार कठीण गेलं. केतकी चंद्राच्या कितीतरी पलीकडे गेली होती, पण निरोपांमध्ये ती अजून गोदीतच होती. "कालचा संध्याकाळचा हादरा जोरात होता रे," म्हणायची, आणि मी रिकाम्या पायांकडे बघायचो. गणपतीच्या सुमाराला तिनं सांगितलं की मुगाला फुलं आली. त्या मुगाची उसळही खाऊन झाली असणार. माझ्या कळ दाबण्याबद्दल ती काहीच म्हणत नव्हती, कारण त्या निरोपांमध्ये ते अजून घडलंच नव्हतं. मी चूक केली की बरोबर, हे ज्या एका माणसाला विचारायचं तिचं त्यावरचं बोलणं माझ्यापर्यंत यायचंच होतं. मी कॅन्टीनमध्ये जेवत होतो, समोर मुकादम मॅडम जेवत होत्या, आणि त्यांची भाजी रोज पानात तशीच राहायची.

मग भाऊबीज आली. मी पाटावर बसलो. रांगोळी काढली नाही.

पडद्यावर केतकी आली तेव्हा तिचा चेहरा सुजलेला होता आणि ती हसत होती. तबक वगैरे काही नव्हतं.

"दादा, विसरायच्या आधी सांगते. दार उघडायला अजून पंधरवडा आहे, तरी मी सकाळी आंघोळ करून पिशवी भरून बसले होते. दहा वाजले. हादरा आला नाही. आधी खरंच वाटेना. मग उठले, बाजूच्या वाफ्यातल्या मुलीला सांगितलं, अळूला पाणी बेतानं घाल, मी चालले. चपला काढल्या ट्रंकेतून. इथे आल्यापासून घातल्याच नव्हत्या. त्या घातल्या आणि रडायला लागले, इतकी मोठ्यानं की सगळे जमा झाले."

तिनं नाक पुसलं.

"तू थांब म्हणालास ना. जन्मात कधी म्हणाला नव्हतास. हॉस्टेलला गेले तेव्हा नाही, लग्न होऊन गेले तेव्हा नाही, या मडक्यात शिरले तेव्हाही नाही. नेहमी आपली पिशवी उचलून द्यायचास. मला वाटायचं, या माणसाला काही वाटतच नाही की काय. आणि मी अशी चपला घालून उभी, तेवढ्यात पायाखाली थरथरायला लागलं."

मी पाटावरून उठलो आणि पुन्हा बसलो. वर्षभर मी त्या सकाळचा कीस काढला होता, पण ही गोष्ट मला एकदाही सुचली नव्हती. हादरा असो की हादऱ्याला झालेला उशीर, त्या भिंतीतून पोचायला वेळ लागतच नव्हता. मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो ते तिला तिथल्या तिथे कळत होतं. निरोपाच्या उशिराची इतकी सवय झालेली, की तो एक दरवाजा सदा उघडा आहे हेच मी विसरून गेलो.

"म्हणजे तू तिथे हात आवरून बसला होतास," केतकी म्हणाली. "मला भिंतीतून दिसलास, दादा. थांब म्हणालास, आणि मग जा म्हणालास. मला दोन्ही ऐकायचं होतं. तू नुसता हादरा दिला असतास तर मी गेले असते, पण रडत गेले असते. आता बरी जाते. चपला वाफ्याशी ठेवल्यात, अळूच्या शेजारी. ओवाळणी पोचली."

पडदा काळा झाल्यावरही मी बराच वेळ पाटावरच होतो. मग उठलो आणि फळीवरून मुकादम मॅडमचा डबा काढला. वर्षभर परत द्यायचा राहिला होता. रिकामा कसा द्यायचा, म्हणून चकल्या भरल्या आणि विलंबकक्षात गेलो.

त्या कानाला यंत्र लावून बसल्या होत्या. मला बघून काढलं.

"ऐकलंत?" त्यांनी विचारलं.

"ऐकलं."

त्यांनी खुर्चीला पाठ टेकली आणि मोठा श्वास सोडला. "त्या दिवशी सांगायलाच आले होते मी. सांदणं घेऊन निघाले, ओट्यापर्यंत आले, आणि मग धीर होईना. ती जे बोलली ते तिच्या तोंडूनच ऐकायला हवं होतं तुम्ही. पण वर्षभर तुमच्यासमोर बसून घास उतरत नव्हता, पांचाळभाऊ."

"मला वाटायचं, तुम्हाला कॅन्टीनची भाजी आवडत नाही."

"तीही आवडत नाही."

मी डबा पुढे केला. त्यांनी एक चकली मोडली, अर्धी मला दिली. आम्ही खात बसलो. जरा वेळानं त्या एकट्याच हसल्या, तोंडावर हात धरून.

"काय झालं?"

"काही नाही. तुमच्या बहिणीनं काल एक सांगितलं. त्या चपलांवरून."

"काय?"

"पुढच्या वर्षी कळेल."

"मॅडम, मी म्हातारा माणूस आहे."

"नियम आहे," त्या म्हणाल्या आणि दुसरी चकली घेतली. पण हसू काही त्यांना आवरेना. मी खुर्ची ओढून घेतली आणि ते हसू बघत त्यांच्यासमोर बसून राहिलो.